बिल्ड-रिलीजमध्ये करिअर: पोरानं थांबावं की सटकावं?

घाटमाथा (धागाकर्ता)

माझा भाचा खराडीतल्या एका कंपनीत आहे. कॅम्पसमधून घेताना 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' म्हणून घेतलं आणि ट्रेनिंग संपल्यावर बिल्ड अँड रिलीज टीममध्ये टाकलं, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बांधायचं (बिल्ड) आणि ते बाहेर पाठवायचं (रिलीज). आता म्हणतो, "मामा, मला यातून बाहेर पडायचंय. बरोबरीची पोरं फीचर लिहितात, मी त्यांचे बिल्ड सांभाळतो." ताईचं तर वेगळंच. नातेवाइकांनी विचारलं की मुलगा काय बनवतो, तर तिला सांगता येत नाही.

मी स्वतः या धंद्यात क्लिअरकेस (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं टूल) आणि अँटच्या (बिल्डचं टूल) जमान्यापासून आहे. पुढे बिल्ड आपोआप चालवणारं हडसन आलं, त्याचं जेन्किन्स झालं, मेव्हन, ग्रेडल ही बिल्डची टूलं करत करत सध्या त्यातल्याच बेझलमध्ये बुडालोय. माझं मत सरळ आहे: नवख्या पोराला यापेक्षा चांगली शाळा नाही. फीचर लिहिणाऱ्याला प्रॉडक्टचा एक कोपरा दिसतो. बिल्डवाल्याला कुठलं मॉड्यूल कशावर अवलंबून आहे, कोणाच्या टेस्ट उगाच लाल (नापास) होतात, गिऱ्हाइकाकडे नक्की कोणती आवृत्ती गेली, हे सगळंच बघावं लागतं. शिवाय दोनशे डेव्हलपरांचा पाऊण तासाचा बिल्ड पंधरा मिनिटांवर आणलात, तर रोज किती माणूस-तास वाचले याचा हिशेब कोणीही करू शकतो. असं एखादं फीचर दाखवा.

पण मी पडलो जुना माणूस. तुम्ही काय सांगाल त्याला? सडेतोड लिहा.

---

निशाचर

सडेतोड हवंय ना? पळ म्हणावं.

माणूस-तासांचा हिशेब कोणीही करू शकतो, पण अप्रेझलच्या मीटिंगमध्ये कोणीही करत नाही. बिल्ड चालला की तो वीज-पाण्यासारखा, येणारच. मोडला की व्हीपीपर्यंत मेल, आणि सीसीमध्ये तुमचं नाव ठळक.

रिलीजची रात्र धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे वगळली आहे, ती मी लिहितो. क्लायंट अमेरिकेत. त्यांची शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ. ब्रिज कॉलवर (सगळ्यांचा एकत्र फोन) तीस माणसं, पंचवीस म्यूटवर. एक्सेलमध्ये पायऱ्या, प्रत्येकीपुढे नाव आणि वेळ. सतराव्या पायरीवर डेटाबेसवाला गायब, कारण त्याच्याकडे पाहुणे आलेत. तिकडून दर दहा मिनिटांनी "एनी अपडेट?" आणि शेवटी जे काही बिघडतं ते फीचरच्या कोडमधलं असतं, पण फोन तुम्हाला, कारण 'डिप्लॉय' (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) तुम्ही केलं.

दिवाळीचं तर बोलूच नका. फ्रीज (नवा कोड टाकायला बंदी) असतो थँक्सगिव्हिंगपासून न्यू इयरपर्यंत. म्हणजे फ्रीजच्या आधी सगळं बाहेर काढायची घाई ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन आपल्या फराळाच्या दिवसांत. मी चार वर्षं काढली आणि मग डेव्हलपमेंटमध्ये आलो. घरचे तेव्हापासून ओळखू लागले.

---

तात्या_टर्मिनल

निशाचर, रात्रीबद्दल पूर्ण सहमत, निष्कर्षाबद्दल अजिबात नाही.

जरा इतिहास बघा. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सनची अख्खी सकाळ एका बगमागे वाया गेली. बग दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच (मशीनच्या भाषेत रूपांतर) झाली नव्हती. तो वैतागून स्टुअर्ट फेल्डमनकडे गेला आणि त्यातून 'मेक' हे बदललेलं तेवढंच पुन्हा बांधणारं टूल जन्माला आलं. आज पन्नास वर्षांनी लिनक्स कर्नल त्यावरच बांधला जातो. (मेकच्या फाइलमध्ये कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हा छळही तिथलाच. फेल्डमनला ते खटकलं तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांचं मोडायला नको म्हणून तसंच ठेवलं. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीचा हा पहिला बळी आपण सगळे!) २००३ मध्ये फेल्डमनला एसीएम या संगणकवाल्यांच्या संघटनेचं सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्ड मिळालं.

सन या कंपनीतल्या कोह्सुके कावागुचीनं हडसन लिहिलं. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून वाजल्यावर २०११ मध्ये तेच जेन्किन्स झालं. अर्ध्या पुण्याची पोटं त्या टूलवर भरली आहेत.

---

खवचट_खानदेशी

तात्या, तुमच्याच उदाहरणांनी तुमची बाजू पडते.

फेल्डमन रिलीज टीममध्ये होता का? तो संशोधक होता. कावागुची सनमध्ये डेव्हलपर होता. दोघांनीही स्वतःला त्रास झाला म्हणून टूल लिहिलं, आणि ते सांभाळायला जगभर लाखो पोरं बसली. आपला भाचा कोणत्या गटात आहे? जेन्किन्स लिहिणाऱ्यांच्या, की जेन्किन्सचं प्लगइन (जोडभाग) अपडेट केल्यावर काय काय मोडलं ते शोधणाऱ्यांच्या?

दुसरं, पदांच्या पाट्या. आधी कॉन्फिगरेशन मॅनेजर, मग बिल्ड इंजिनिअर, मग रिलीज इंजिनिअर, २००९ नंतर डेव्हऑप्स, आता प्लॅटफॉर्म इंजिनिअर. माणूस तोच, खुर्ची तीच, नोकरीच्या पोर्टलवर शोधायचा शब्द तेवढा नवा. क्लिअरकेसमध्ये दहा वर्षं घालवलेले आमचे एक सीनिअर होते. व्ह्यू, व्हॉब, कॉन्फिग स्पेक, त्यातलं सगळं तोंडपाठ. आवृत्त्या सांभाळायला गिट आल्यावर त्या ज्ञानाला रद्दीचा भावही मिळाला नाही. जावा शिकलेला माणूस अजून जावावर जगतोय.

---

घाटमाथा

खानदेशी, टूल मरतं हे कबूल. खालचं दुखणं मरत नाही. एकच उदाहरण देतो.

एका प्रोजेक्टमध्ये तक्रार आली, "मेक दर वेळी सगळंच्या सगळं पुन्हा बांधतं." मेक फाइलच्या वेळा बघतं: सोर्स (लिहिलेला कोड) हा ऑब्जेक्टपेक्षा (त्यातून बांधलेली फाइल) नवा असेल तर पुन्हा बांधायचं. इथे सोर्स होता नेटवर्कवरच्या एका सर्व्हरवर, आणि त्याचं घड्याळ बिल्ड मशीनच्या पुढे धावत होतं. त्यामुळे आत्ता सेव्ह केलेली फाइल मेकच्या लेखी 'भविष्यातली', म्हणजे तेवढा वेळ उलटेपर्यंत नवीच. घड्याळाबद्दलची वॉर्निंग लॉगमध्ये येत होती, पण लॉग इतका लांब की वाचतो कोण! घड्याळ उलट बाजूला सरकलं असतं तर याहून वाईट झालं असतं. बदललेली फाइल बांधलीच गेली नसती आणि जुना कोड नव्या नंबरानं बाहेर पडला असता.

आज बेझल फाइलच्या वेळेवर विसंबत नाही, आतला मजकूर हॅश करून (त्याचा ठसा काढून) बघतो. का, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आपण बांधलं ते नेमकं कशातून बांधलं, हा प्रश्न १९७६ मध्ये होता आणि आजही आहे. तुमच्या त्या सीनिअरना ब्रँचिंग आणि मर्जिंगचं (कोडला फांद्या फोडणं आणि त्या पुन्हा जोडणं) जे कळत होतं ते गिटवर फुकट गेलं असेल, तर चूक ज्ञानाची नव्हती.

---

कुलूपकिल्ली

मी सिक्युरिटीत आहे, म्हणून वेगळ्या बाजूनं. भाच्याला म्हणावं, उलट आता तुझे दिवस आलेत.

२०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीवरचा हल्ला उघडकीला आला. रिपॉझिटरीतला (कोड ठेवायची जागा) सोर्स स्वच्छ होता. हल्लेखोर बिल्ड सर्व्हरवर बसले होते. कंपाइल सुरू झालं की एक फाइल बदलायची, काम झालं की मूळ फाइल परत जागेवर. बाहेर पडलेल्या अपडेटवर कंपनीचीच अस्सल सही, आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते पोचलं. कोड रिव्ह्यू करून हे सापडणार कसं?

२०२४ मध्ये एक्सझेड, लिनक्सवरचं फाइल आवळायचं टूल. घातक बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (बाहेर वाटायचं गाठोडं) होती. म्हणजे हल्ला झाला तो बरोबर 'बिल्ड' आणि 'रिलीज' यांच्या मधल्या फटीत. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून सगळे वाचले. युनिक्सवाल्या केन थॉम्प्सननं तर १९८३ मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कंपायलरच फितूर असेल तर सोर्स कितीही वाचा, उपयोग नाही.

आपल्याकडेही सेबीच्या २०२४ च्या सायबर चौकटीत एसबॉम आला आहे, सॉफ्टवेअरमध्ये काय काय घटक आहेत त्याची यादी. ती यादी खरी असायची तर बिल्डमधूनच निघाली पाहिजे. कोण काढणार? भाचाच.

---

निशाचर

कुलूपकिल्ली, जबाबदारी वाढली म्हणजे करिअर वाढलं, असं कुठे ठरलंय?

नाईट कॅपिटल ही अमेरिकी शेअर दलाल कंपनी आठवा. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, एका माणसाकडून एक राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या फीचरनं नेमका त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) पुन्हा वापरला होता. बाजार उघडला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. घाबरून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, आणि तेही सातही त्या आठव्यासारखेच वागायला लागले! कंपनी काही महिन्यांत दुसऱ्याच्या ताब्यात.

फ्लॅग पुन्हा वापरायचं कोणी ठरवलं? डेव्हलपरनं. मेलेला कोड कोणी ठेवला? तेही डेव्हलपरनीच. पण आज जगात कोणालाही विचारा, "डिप्लॉयमेंट चुकलं" एवढंच सांगतील. अधिकार शून्य आणि खापर पूर्ण. अशी नोकरी मी माझ्या भाच्याला सांगणार नाही.

---

घाटमाथा

अहो, पण अमेरिकेच्या एसईसीनं (तिकडची सेबी) नाईटबद्दलच्या आदेशात काय म्हटलंय तेही वाचा. दुसऱ्या माणसानं तपासलं नव्हतं, आणि तपासायलाच हवं असा लेखी नियमही नव्हता. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच सिस्टिमनं ९७ मेल पाठवले होते, ते अलर्ट म्हणून कोणी पाहिलेच नाहीत. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, हे बघणारी वीस ओळींची स्क्रिप्ट असती तर? ती स्क्रिप्ट लिहिणं म्हणजेच आमचं काम. हातानं आठ ठिकाणी कॉपी करणं हे नव्हे.

---

श्टुटगार्टचा_शेजारी

इकडचं, जर्मनीतलं थोडं. मी गाडीतल्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर आहे. इथे इंटिग्रेटरच्या (सगळ्यांचे भाग जोडून बांधणारा) शब्दाला वजन आहे. त्यानं 'नाही' म्हटलं तर रिलीज थांबतो, फीचर कोणाचंही असो. कारण गाडी रस्त्यावर पंधरा वर्षं राहते. दहा वर्षांपूर्वीची बायनरी (बांधून तयार प्रोग्राम) आज पुन्हा तशीच्या तशी बांधता आली पाहिजे, त्यासाठी तेव्हाचा कंपायलर, लायब्ऱ्या, सगळं जपून ठेवावं लागतं. वरून अपडेटच्या व्यवस्थेसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर-१५६ हा नियम आहे. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना तो लागू झाला.

तशीच्या तशी बांधणं बोलायला सोपं. एकानं कोडमध्ये बिल्डची तारीख-वेळ छापणारा मॅक्रो टाकला की दर बिल्डची बायनरी वेगळी. फायलींचा क्रम फाइल सिस्टिमवर सोडला की दोन मशीनवर दोन निकाल. आमच्याकडे हे शोधण्यात माणसं महिनोन्‌महिने घालवतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो, चांगला मिळतो. तेव्हा धंदा कुठला, यावरही बरंच आहे. पुण्यातही ऑटोमोटिव्हवाले कमी नाहीत.

---

वायफळ

आता एआय पाइपलाइनचं यामल (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) लिहून देतंय की. या धाग्याला दोन वर्षांनी अर्थ उरेल का?

---

तात्या_टर्मिनल

एआय कोडही लिहितंय. म्हणजे मर्ज रिक्वेस्ट (आपला कोड आत घ्यायची विनंती) वाढल्या, बिल्ड वाढले, रांग वाढली. आमची सीआयची (बिल्ड-टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) रांग बघायला या एकदा, सरकारी दवाखान्याची ओपीडी परवडली.

---

मुक्ता_एम

दोन्ही बाजूंचे लोक दोन वेगळ्या नोकऱ्यांबद्दल भांडताय, म्हणून लिहितेय. मी पाच वर्षं रिलीजमध्ये होते, आता बॅकएंडला आहे, आणि अधूनमधून प्लॅटफॉर्म टीमसाठी इंटरव्ह्यू घेते.

रेझ्युमेवर जेन्किन्स, डॉकर, कुबरनेटीस सगळ्यांच्याच असतं. मी एकच विचारते: तुझ्या टीमला हातानं करावं लागणारं कुठलं काम तुझ्या कोडमुळे बंद झालं? काहींचे डोळे चमकतात. एका मुलीनं सांगितलं की कुठल्या टेस्ट उगाच लाल होतात हे ओळखून तिचं टूल त्या बाजूला काढतं आणि ज्या टीमची टेस्ट त्यांच्या नावावर तिकीट (कामाची नोंद) टाकतं. सुरुवातीला टीमा चिडल्या, मग वापरायला लागल्या. तिला मी लगेच घेतलं असतं, दुसरीकडे जास्त पैसे मिळाले म्हणून गेली. आणि काही जण सांगतात, "मी दर महिन्याला बारा रिलीज कोऑर्डिनेट करतो." त्यांच्यात बुद्धी कमी असते असं नाही. पण त्यांच्या कंपनीनं त्यांना चेकलिस्ट दिली, रिपॉझिटरी दिलीच नाही. अशा ठिकाणी तीन वर्षांच्या वर राहिलं की डेव्हलपमेंटच्या इंटरव्ह्यूत पहिल्या फेरीतच बाहेर. हे मी स्वतः भोगलंय. दुसरीकडे घेईपर्यंत सहा-सात ठिकाणी नकार ऐकले.

निशाचर म्हणतात ती रात्र खरी आहे, आणि बायकांना ती आणखी महाग पडते. कॅब, सोसायटीचं गेट, सासूबाईंचा चेहरा, सगळं आलं. पण जिथे ऑटोमेशनला वेळ देतात तिथे रिलीज दुपारी चारला होतो आणि कोणाला कळतही नाही.

घाटमाथा, भाच्याला मत देऊ नका. गेल्या सहा महिन्यांत त्यानं केलेले कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) बघा.

---

घाटमाथा

मुक्ताताई, काल रात्री तेच केलं, लॅपटॉप घेऊन बसलो दोघं. कमिट आहेत बरेच, पण जवळजवळ सगळे आवृत्तीचा नंबर वाढवल्याचे. एक मात्र बरा सापडला. रिलीज नोट्स हातानं जमवायचा कंटाळा आला म्हणून त्यानं जिरामधून (तिकिटं ठेवायचं टूल) आपोआप काढणारी स्क्रिप्ट लिहिलीय, पायथनमध्ये, टेस्टसकट. मॅनेजरला दाखवली का विचारलं, तर म्हणे, "ते काय, माझ्यापुरती आहे."

ठरलंय असं: ती स्क्रिप्ट पूर्ण टीमला वापरायला द्यायची, आणि बिल्डची कॅश (आधी बांधलेलं पुन्हा वापरायची सोय) लावायचं जे तिकीट वर्षभर पडून आहे ते स्वतःच्या नावावर मागून घ्यायचं. दिलं तर राहायचं. "आधी रिलीज सांभाळ" म्हणाले, तर मार्चनंतर दुसरी टीम किंवा दुसरी कंपनी.

---

खवचट_खानदेशी

मार्चनंतर कशाला? मार्चमध्ये रेटिंग ठरून गेलेलं असतं. तिकीट जानेवारीत मागायला सांगा, आणि मेलवर मागायला सांगा, तोंडी नको.

---

निशाचर

+१. आणि रविवारच्या ब्रिज कॉलचा कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) त्याच मेलमध्ये.