आईने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात, म्हणते प्रार्थनेने बरी झाले. काय करू?

वसईची_लेक: आम्ही वसईचे कॅथलिक. आईला बरीच वर्षं डायबिटीस आहे. मागे ती एका हीलिंग रिट्रीटला जाऊन आली, तिथे कोणीतरी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तेव्हापासून गोळ्या बंद. गोळी घेतली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल म्हणते. दादा तिच्यावर ओरडतो, मग ती रोजरी (जपमाळ) घेऊन खोलीत जाऊन बसते. मला तिची श्रद्धा मोडायची नाहीये, माझीपण आहे, पण भीती वाटते हो.

सावंतवाडीकर_नर्स: ताई, आधी तिची शुगर चेक करा, आजच. गोळ्या सोडल्यावर कित्येकदा बरेच दिवस काहीच जाणवत नाही, माणसाला वाटतं आपण ठणठणीत, आणि आत डोळे, किडनी, पायाच्या नसा खराब होत राहतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट असते, एचबीए१सी, तीपण करून घ्या. तहान, लघवी खूप वाढली, उलट्या किंवा गुंगी आली तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल. आणि जुन्या गोळ्या घरच्या घरी परत चालू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नाखवा_७: आमच्या प्रेयर ग्रुपमधून सांगतो. देव बरं करतो हे मी मानतो, मनापासून मानतो. पण बायबलमधलं लूक १७ वाचा, दहा कुष्ठरोगी येतात, येशू त्यांना सांगतो जाऊन याजकांना, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंना, दाखवा. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही ते याजकच तपासून ठरवायचे. म्हणजे तपासणीला पाठवणारा खुद्द येशूच, मग लॅबमध्ये जाणं अविश्वास कसा होईल? फ्रान्समधल्या लूर्ड्सच्या तीर्थाला १८५८ पासून लाखो लोक जातात, बरं झाल्याचे दावे हजारो, तिथेसुद्धा डॉक्टर आधी कागद तपासतात आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरहून थोडेच जास्त. आईंना सांगा, बरी झाली असशील तर रिपोर्टमध्ये दिसेलच.

वसईची_लेक: हे तिला पटेल असं वाटतंय. पण रिपोर्ट खराब आला तर? ती स्वतःलाच दोष देईल, माझाच विश्वास कमी म्हणून.

नाखवा_७: हेच मला सगळ्यात जास्त खटकतं, आजारी माणसावर हे ओझं टाकणं. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही, उत्तर काय आलं तर "माझी कृपा तुला पुरे आहे". पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि मार्क २ मधला पक्षाघाती, त्याला चौघांनी छपरातून खाली सोडला, तिथे येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास बघितला असं लिहिलंय. सगळा विश्वास आजाऱ्यानेच आणायचा असं कुठे आहे? तुम्ही घरचे आणा ना तिच्यासाठी. दादाला म्हणावं ओरडू नकोस, तिच्यासोबत रोजरीला बस आणि तूच तिला लॅबमध्ये घेऊन जा.

सावंतवाडीकर_नर्स: आणि तुमच्या फादरनाच घरी बोलवा. आमच्याकडे एक आजी आमचं कोणाचं ऐकत नव्हत्या, फादरनी सांगितल्यावर लगेच इन्सुलिन घेतलं.

वसईची_लेक: आजाऱ्याला तेल लावायचा विधी असतो, त्यासाठी फादरना बोलवू का? आई घाबरेल, तिला वाटतं ते मरायला टेकल्यावरच लावतात.

नाखवा_७: ते जुनं झालं. १९७२ ला पोप पॉल सहावे यांनी तो विधी नवा केला, आता गंभीर आजारी किंवा वयाने थकलेल्या कोणालाही मिळतो, ऑपरेशनच्या आधीपण. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही आजारी माणसाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं एवढंच आहे, मरायला टेकलेलं असावं असं नाही. आईंच्या बाबतीत द्यायचा का ते फादर बघून ठरवतील, तुम्ही फोन तर करा.