मदत हवी आहे: कारवाईत फुटपाथवरच्या कुटुंबाची पेटी गेली, कागदपत्रांसकट

पाऊलवाट: मुंबईत स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर राहणारं कुटुंब. आजी, आई, सात वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा. काल सकाळी महापालिकेच्या अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईत त्यांची पत्र्याची पेटी गाडीत गेली. आत सगळ्यांची आधार कार्डं, मुलीचा जन्मदाखला, आजीच्या बीपीच्या गोळ्या. नोटीस नव्हती, पंचनामाही हातात दिला नाही. पेटी परत कशी मागायची? चौघांना एकत्र निवारा मिळेल का?

खडूफळा: पेटीसाठी आजच वॉर्ड ऑफिसला जा. उशीर झाला की गोदामातल्या ढिगात ती ओळखणं कठीण. सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज, दोन प्रती. कारवाईची वेळ, रस्ता, समोरचं दुकान, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर, पेटीचा रंग, कुठे पोचा आहे ते आणि आतल्या वस्तूंची यादी लिहा. पंचनाम्याची प्रतही त्याच अर्जात मागा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. बहुतेकांचं इथेच फिसकटतं: तोंडी विनंती करून परततात आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवरचा माणूस बदललेला असतो. गोळ्यांसाठी मात्र थांबू नका, सरकारी दवाखान्यातून आजच घ्या.

तळटीप: महापालिका कायदा १८८८ चं कलम ३१४ दाखवून 'नोटीस लागत नाही' असं सांगतील. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलं, पण विनानोटीस कारवाई हा अपवाद असावा, एरवी माणसांचं म्हणणं ऐकावं, असंही बजावलं. त्याच निकालात फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र नाकारला आहे. म्हणून या अर्जात जागा मागू नका, सामान आणि कागद मागा. वकील हवा असेल तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खडूफळा: आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुना नंबर शोधता येतो, नवीन नोंदणी करू नका, ती नाकारली जाते. जन्मदाखल्यासाठी मात्र जिथे जन्माची नोंद झाली त्या वॉर्डात विचारा. प्रसूतीचं हॉस्पिटल आणि तारीख आईला विचारून घ्या.

उंबरठा: निवाऱ्याचं सांगते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट असा होता. पण चौघांना घेऊन जाण्याआधी 'कुटुंब निवारा आहे का' हे विचारा. महिलांच्या निवाऱ्यात बारा वर्षांच्या मुलाला दारातूनच परत पाठवतील आणि मग आईसुद्धा राहायची नाही, हे फार वेळा होतं.

आणि आई, आजीचं नाव मतदार यादीत नसेल तर नमुना ६ भरा. बेघरांना पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओने (मतदार नोंदणीची पडताळणी करणारा स्थानिक अधिकारी) रात्री, एकाहून जास्त वेळा येऊन तिथेच झोपतात ना हे पाहायचं असतं. तो दिवसा येऊन 'आढळले नाहीत' असा शेरा मारून गेला, तर लेखी हरकत घ्या आणि रात्रीची पडताळणी मागा.