जुन्या पद्मिनीत लेकीची सीट बसवायची, तर पत्र्याला भोकं पाडायची का?

असगोलीकर

बाबांची १९७७ ची प्रीमियर पद्मिनी गुहागरला आमच्या पडवीत उभी आहे. फिकी निळी, स्टिअरिंगवर गिअर, मागे अखंड बाकडं. बाबा गेल्यावर वर्षभर ताडपत्रीखाली होती. गेल्या मे महिन्यात नवी बॅटरी टाकली, कार्बोरेटर धुतला, आणि पहिल्या नाही पण सातव्या स्टार्टला ती बोलली. तेव्हापासून शृंगारतळीचा बाजार, हेदवी, वेळणेश्वर अशा फेऱ्या चालू आहेत. वेग ४०, रस्ता मोकळा असला तर ५०.

अडचण लेकीची आहे. ती अडीच वर्षांची, आणि गाडीत एकही पट्टा नाही. नसणारच. आपल्याकडे पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले १९९४ मध्ये, मागच्या सीटला २००२ मध्ये. पट्टाच नाही तर बेबी सीट अडकवणार कशाला? आयसोफिक्सच्या, म्हणजे पट्ट्याशिवाय बेबी सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या तर फार पुढची गोष्ट.

बायको स्वतःच्या हॅचबॅकमध्ये लेकीला सीटवर बांधल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. ती विचारते, पद्मिनीला वेगळा न्याय का? आई म्हणते, "तू माझ्या मांडीवरच वाढलास की." दोघींच्या मध्ये बसून मी कागदावर हिशेब मांडला. ४० च्या वेगात गाडी आदळून थांबणं म्हणजे साधारण ६ मीटरवरून खाली पडणं. आमच्या परसातला सिंगापुरी माड तेवढा असेल. ५० ला हीच उंची जवळजवळ १० मीटर होते. लेक १२ किलोची. आदळताना वजनाच्या २० पट भार धरला तर २४० किलो. आईला हल्ली भरलेली कळशी उचलत नाही.

माझं मत असं: मागच्या सीटला पट्टे बसवावेत, त्यासाठी भोकं पाडावी लागली तर पाडावीत, आणि ते होईपर्यंत लेकीला या गाडीतून नेऊ नये. गाडीच्या मूळपणाचं प्रेम मलाही आहे. पण बाबांनी ती संग्रहालयासाठी घेतली नव्हती. तुमचं म्हणणं काय?

जुनं_ते_सोनं

पूर्ण असहमत. ५० वर्षं उन्हापावसात टिकलेल्या गाडीला तुम्ही ड्रिल लावणार? केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढलेत ते वाचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी असेल तरच 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. तुमची त्या उंबरठ्यावर आहे. आत्ता पट्ट्यासाठी छत धरणारे खांब कापलात तर पुढे पस्तावाल.

आणि इंग्लंडात, जिथे जुन्या गाड्यांचं वेड आपल्याहून जास्त आहे, तिथेही मुळात पट्टे नसलेल्या गाडीला ते लावायची सक्ती नाही. ते लोक काय पोरांचे वैरी आहेत?

दोन_पोरांची_आई

जुनं ते सोनं, अर्धंच सांगितलंत. इंग्लंडात पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत ३ वर्षांखालचं मूल न्यायलाच बंदी आहे, आणि ३ च्या वरच्याने मागेच बसायचं. असगोलीकरांची लेक अडीच वर्षांची. म्हणजे तुमचंच उदाहरण त्यांच्या बाजूने.

व्हीए नंबरचंही तसंच. तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. २० हजार भरून शृंगारतळीची कोथिंबीर आणता येणार नाही. त्यांना गाडी चालवायची आहे, मिरवायची नाही.

कुडाळचो_झील

आमच्या घराक ॲम्बॅसडर होती. गणपतीक मुंबयचे पावणे येयत तेव्हा पुढे चार, मागे सहा, आणि डिकीत दोन पोरा नि नारळ. डिकीचा झाकण सुतळेन बांधलेला. कोणाक काय झाला नाय. तुमी शिकलेली माणसा पोरांका बांधून घालतास आणि मगे म्हणतास पोरांका गाडयेची मजा कळना नाय. पोर सीटवर उबा रवान पुढे बगता, तीच मजा.

(चुलत भावाच्या हनुवटेक एकदा टाके पडले हुते, मधे कुत्रो इलो म्हणान. ता सोडा.)

दोन_पोरांची_आई

कसं सोडा? टाके पडले तेच तर बोलतोय आपण इथे! शिवाय तेव्हाचा रस्ता आठवा. समोरून एखादी एसटी, नाहीतर बैलगाडी. आता तुम्ही ४० ने जाल, पण हातखंब्याच्या उताराला मागून येणाऱ्या टँकरचा वेग तुमच्या हातात आहे का?

कुडाळचो_झील

मगे हायवेक जाव नुको. गुहागरातल्या गुहागरात फिर.

पाना_१४

चिपळूणला गॅरेज आहे, वडिलांच्या काळापासून. वर दोन्ही बाजू भोकावर भांडतायत. भोक कशात पाडणार ते कोणी विचारलंच नाही.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. ॲम्बॅसडरचंही तेच. बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. आणि कोकणातल्या गाडीचा पत्रा म्हणजे चार महिने मॅटखाली ओल, बाकीचे आठ महिने खारा वारा. वरून रंग आरशासारखा, खाली दोन बोटं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. असल्या पत्र्यात बोल्ट घातला तर सीट, पट्टा, बोल्ट आणि वॉशर असं सगळं एका झटक्यात मूल घेऊन पुढे येईल. ते नसलेलं बरं.

पत्रा निरोगी असेल तर काम होतं. पण पत्र्याच्या मागून पोलादी प्लेट हवी, नुसता वॉशर चालत नाही. मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमात अशा प्लेटला किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि ३ मिलिमीटर जाडी सांगितली आहे. मी तेच माप धरतो आणि कोपरे गोल करतो, नाहीतर प्लेटच पत्रा कापते. बोल्ट पट्ट्यासाठी बनवलेलाच घ्यायचा, सात-सोळांश इंची, बारीक आट्याचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळेल तो नको.

पट्ट्याची दोन टोकं खाली गाडीच्या जमिनीला घेणं सोपं. खांद्याचं तिसरं टोक डोकं खातं. मागच्या काचेखालच्या फळीचा पत्रा पापडासारखा असतो, तिथे नाही म्हणजे नाही. ते मागच्या खांबात घ्यावं लागतं, आणि खांबाच्या आत हात जात नाही. मग आतलं अस्तर काढा, खाच कापा, नट वेल्ड केलेली प्लेट आत सरकवा, परत बंद करा. दोन दिवस जातात. एका दिवसात करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

रीळवाला, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा घेतलात तर रीळ कंपनीने सांगितलेल्या कोनातच बसवायचं. तिरकं बसलं की एकतर सारखं अडकतं, नाहीतर अडकायचं तेव्हा अडकत नाही. त्यापेक्षा बिनरिळाचा, हाताने आवळायचा पट्टा बेबी सीटला बरा. आणि भंगारातल्या गाडीचा पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नका. अपघातात ताणलेला पट्टा डोळ्यांना तसा दिसत नाही.

आयसोफिक्सच्या कड्या वेल्ड करून द्या म्हणून दोघे येऊन गेले. परत पाठवले.

जुनं_ते_सोनं

बघा, जाणकार माणूसच खांब कापायची भाषा करतोय! माझा मुद्दा हाच होता.

पाना_१४

काका, मी कापा म्हटलं नाही आणि कापू नका असंही म्हटलं नाही. आधी मॅट उचला म्हणतोय.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर_आहे

एक सुटलेली गोष्ट. तिसऱ्या टोकाचा त्रास वाचवायला कोणी नुसता कमरेचा पट्टा लावून मुलाला त्यात बसवू नका. लहान मुलाचं कमरेचं हाड पट्टा धरून ठेवण्याएवढं वाढलेलं नसतं. पट्टा वर सरकतो आणि सगळा भार पोटावर येतो. आतडी आणि कण्याचा खालचा भाग, दोन्हींना इजा. बूस्टर, म्हणजे मूल उंचावर बसवणारी गादी, ही तर कमरेच्या पट्ट्यावर कधीच वापरायची नाही.

मात्र बेबी सीटला स्वतःचे पाच पट्टे असतील आणि गाडीचा पट्टा फक्त सीट धरून ठेवणार असेल, तर काही सीट कमरेच्या पट्ट्यावरही चालतात. सगळ्या नाही. सीटवरचं लेबल आणि पुस्तिका वाचा, त्यात तसं लिहिलेलं असलं पाहिजे. असगोलीकर, तुमच्यासाठी ही वाट आहे: जमिनीला दोन टोकं, खांब शाबूत.

जमल्यास मागे तोंड करून बसणारी सीट बघा. स्वीडनमध्ये ४ वर्षांपर्यंत मुलं तशीच बसतात. या वयात डोकं जड आणि मान नाजूक असते.

अवांतर: मे महिन्यात पट्ट्याची लोखंडी कडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बिनएसीच्या गाडीत ती चुलीतल्या सांडशीसारखी तापते.

स्कूटरवाला

सगळं वाचलं. एक विचारू? हीच लेक स्कूटरवर पुढे उभी राहून बाजारात जात नाही का? वडापच्या जीपमध्ये आजीच्या मांडीवर बसत नाही का? तिथे कुठली प्लेट आणि कुठले ४० चौरस सेंटिमीटर? चारचाकी आली की आपल्याला अक्कल येते. पैशाचे चोचले आहेत सगळे. चांगल्या सीटच्या किमतीत इथे माणसं सेकंडहँड स्कूटर घेतात.

असगोलीकर

स्कूटरवाला, नेतो. म्हणजे परवापर्यंत नेत होतो. तुमचा प्रतिसाद बायकोने वाचला. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग ४० च्या आत, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे हेही तिनेच शोधून काढलं. चारचाकीत १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजाराचा दंड आहे तो वेगळा. तेव्हा तुम्ही वाद जिंकलात आणि माझी स्कूटर बंद केलीत.

किमतीचं मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वडापवरही नाही.

जुनं_ते_सोनं

मग माझा साधा पर्याय ऐका. गाडीला हात लावू नका आणि लेकीलाही त्यात बसवू नका. हॅचबॅक आहे ना घरात? पद्मिनी तुम्ही एकटे चालवा. ती मोठी झाली की बसेल. दोन्ही शाबूत.

दोन_पोरांची_आई

आज पहिल्यांदा तुमचं अर्धं पटलं. पण मोठी झाली तरी पट्टा लागणारच. पाच वर्षांनी हाच धागा वर काढायचा का?

असगोलीकर

ताजी बातमी. पाना_१४ यांचं ऐकून रविवारी मागचं बाकडं उचललं. ते नुसतंच खाचेत बसवलेलं होतं, हाताने वर आलं. म्हणजे आदळल्यावर तेही उडणार, हे कोणी सांगितलंच नव्हतं. खाली बाबांच्या हातची एक चिठ्ठी मिळाली, पेट्रोलचा हिशेब. मग मॅट काढली. रंग चांगला होता. पेचकस टेकवून जरासा दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. पलीकडच्या बाजूलाही तेच. भोकावरून एवढं भांडलो, आणि ती आधीपासून होतीच.

डेंटर म्हणाला, जमीन कापून नवा पत्रा घालायला हवा, पावसाळा संपल्याशिवाय हात लावणार नाही. नवा पत्रा पडेल तेव्हा त्यातच प्लेटा बसवून घेईन, कमरेच्या पट्ट्यापुरत्या. खांब कापणार नाही, जुनं ते सोनं यांनी निश्चिंत असावं. तोवर लेक आईबरोबर हॅचबॅकमध्ये, ती गाडी पुढे, मी पद्मिनी घेऊन मागे. मागच्या काचेतून हात हलवते.

कुडाळचो_झील

जमीन कुसली हा म्हणतंस, मगे तू तरी तेच्यात कित्याक बसतंस?