मदत हवी आहे: न्यू जर्सीचा पॅटरसन हरला, मग त्याने सही का केली?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक आठवीत आहे. पुढच्या गुरुवारी त्यांच्या वर्गात १७८७चं फिलाडेल्फियाचं अधिवेशन (जिथे अमेरिकेची घटना लिहिली गेली) भरणार आहे. चिठ्ठ्या टाकल्या, हिच्या वाट्याला न्यू जर्सीचा प्रतिनिधी विल्यम पॅटरसन आला. वॉशिंग्टन नाही, फ्रँकलिन नाही, म्हणून दोन दिवस तोंड फुगलेलं. आता कापूस चिकटवून विग झालाय, पण भाषण अडलंय. माझं नागरिकशास्त्र पंधरा मार्कांपुरतं होतं, तेही आपल्या घटनेचं!

आम्हा मायलेकींना कळलेलं एवढं: २९ मे रोजी व्हर्जिनियाच्या रँडॉल्फने योजना मांडली, दोन सभागृहं आणि दोन्हींत लोकसंख्येप्रमाणे (किंवा भरलेल्या पैशाप्रमाणे) जागा. छोटी राज्यं बिथरली. १५ जूनला पॅटरसनने उलट योजना आणली: सभागृह एकच, दर राज्याला एक मत, पण काँग्रेसला (म्हणजे सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला) आयात मालावर कर लावायचा अधिकार. १९ जूनला ती ७ विरुद्ध ३ राज्यांच्या मतांनी पडली. मेरीलँडच्या प्रतिनिधींचं आपसातच जमलं नाही, म्हणून त्यांचं मत कुणाकडेच गेलं नाही.

अडचण पुढे आहे. पॅटरसन म्हणत होता की आपल्याला जुना करार (तेरा राज्यांना बांधणारा 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन') दुरुस्त करायला पाठवलंय, नवं सरकार उभारायला नाही. लेक म्हणते, "आई, हा तर बरोबरच बोलत होता!" मलाही तसंच वाटतं. मग बाकीच्यांनी ते खपवलं कसं? आणि शेवटी यानेही नव्या घटनेवर सही केली ती का? शिक्षिका नक्की विचारणार.

विकीवर वाचून झालंय, उलट जास्त गोंधळ झाला. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

कोकणी_काका: लेकीला सांगा, तिचं बरोबर आहे. २१ फेब्रुवारी १७८७ला काँग्रेसने दिलेली परवानगी फक्त दुरुस्तीपुरती होती. पण जुन्या कराराची गोम बघा. बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यं राजी हवीत. काँग्रेसला कर लावता येत नसे, राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. आयात मालावर ५ टक्के कर बसवायचं चाललं होतं, १७८२ला ऱ्होड आयलंड अडून बसलं, बारगळलं. आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव असाच सात वर्षं पडून आहे, त्यामुळे मला फिलाडेल्फियावाल्यांची दया येते. ऱ्होड आयलंडने अधिवेशनाला माणूससुद्धा पाठवला नाही.

म्हणून त्यांनी कलम ७मध्ये लिहून टाकलं की ९ राज्यांनी मान्य केलं की त्या राज्यांपुरती घटना लागू. आणि मान्यता विधिमंडळांची नाही, त्यासाठी लोकांनी निवडलेल्या खास सभांची. म्हणजे 'आम्हाला अधिकार नव्हता, मान्य. पण लोकांना तर आहे?' अधिवेशनातल्याच मॅडिसनने नंतर 'फेडरलिस्ट' या घटनेची बाजू मांडणाऱ्या लेखमालेच्या ४०व्या लेखात हाच आक्षेप घेऊन उत्तर दिलंय. मला ते उत्तर वकिली वाटतं, पण चाललं खरं.

अर्धाकप: +१. सहीचं कारण सेनेट, म्हणजे वरचं सभागृह. १६ जुलैला तडजोड झाली: खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, वरच्या सभागृहात सगळ्यांना सारखं. ५ विरुद्ध ४, मॅसॅच्युसेट्सची मतं निम्मी-निम्मी. पॅटरसनची योजना पडली, पण त्याला हवं होतं त्यातलं निम्मं हाती आलं. शिवाय राष्ट्रीय कायदा राज्यांच्या कायद्यांपेक्षा वरचढ, हे कलमही मूळ त्याच्याच योजनेतलं.

आपल्याकडचं उदाहरण द्या: राज्यसभेत महाराष्ट्राचे १९, गोव्याचा १. तिथल्या हिशेबाने दोघांचे दोन-दोन झाले असते. गोवेकर खूश!

निशाचर: तडजोडीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नका. खालच्या सभागृहाच्या जागा मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली, मत मात्र त्यांना शून्य. पॅटरसनने ९ जुलैला यावर बोट ठेवलं होतं: तुमच्या राज्यात त्यांना प्रतिनिधित्व नाही, मग इथे का मोजायचं? अर्थात त्याच्या बोलण्यात गुलाम ही मालमत्ताच होती. न्यू जर्सीतही गुलामगिरी होतीच. लेकीने हेही सांगावं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना झेपतं.

कोकणी_काका: निशाचर, बरोबर. आणि गंमत म्हणजे पॅटरसनचं न्यू जर्सी मान्यता देणारं तिसरं राज्य, १८ डिसेंबर १७८७, ३८ विरुद्ध ०! नववं न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. ऱ्होड आयलंड आलं २९ मे १७९०ला, ३४ विरुद्ध ३२, तेव्हा वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटून गेलं होतं.

ताई, भाषणाला एक मसाला देतो. ९ जूनला न्यू जर्सीचाच डेव्हिड ब्रिअर्ली उठला आणि म्हणाला, नकाशा पसरा, सगळ्या सीमा पुसा आणि देशाचे तेरा सारखे तुकडे करा. लोकसंख्येप्रमाणेच जागा द्यायच्या ना, मग राज्यंच सारखी करा!

धागाकर्ती: काका, अर्धाकप, निशाचर, खूप खूप आभार. लेकीने नकाशाची कल्पना उचलली आहे, ब्रिअर्लीचं वाक्य पॅटरसनच्या तोंडी घालायला शिक्षिकांची परवानगीही काढली. निशाचर यांचा मुद्दा तिने स्वतः भाषणात घेतला, मी सुचवायच्या आधीच.

सध्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची तेरा राज्यं कापून पडली आहेत. व्हर्जिनियाखाली आमटीची वाटी आहे. डेलावेअर सकाळपासून सापडत नाहीये, सोफ्याखाली बघून येते.