मदत हवी आहे: किल्ट घालून वेस्ट हायलँड वे, गुडघ्यामागे सोललंय, ८ दिवस उरलेत

पायवाट_ग्लासगो
नमस्कार. स्कॉटलंडमधल्या वेस्ट हायलँड वे या पायवाटेवर पुढच्या शनिवारी मल्गायहून निघतोय, फोर्ट विल्यमपर्यंत, १५४ किलोमीटर, सात दिवस. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालूनच चालायचं पक्कं आहे, तेव्हा 'पँट घाला' असे प्रतिसाद कृपया नकोत. काल कॉनिक हिलवर सराव केला. खाली येईपर्यंत दोन्ही गुडघ्यांच्या मागे कातडी सोलली आणि कमरेवर वळ उठला. किल्ट मापाचा आहे, दुकानात व्यवस्थित बसला होता. काय बदलू? लवकर सांगा, काही मागवायचं झालं तर यायला चार दिवस लागतात.

नेचेबन
कापड कोणतं, किती औंसाचं (म्हणजे किती जाड), किती वार? पाठीवर किती वजन होतं? पाऊस होता का? आत काय होतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कातळकडा
लोकरीचा असेल तर आधी तो कपाटात ठेवा. जाड सुती कापडाचा, मोठ्या खिशांचा युटिलिटी किल्ट घ्या. मळला तरी चालतो, मशीनमध्ये धुता येतो.

पायवाट_ग्लासगो
लोकरीचाच आहे. पाठीवर नेहमीची सॅक. पाऊस थोडाच होता. आत साधी चड्डी.

नेचेबन
@कातळकडा, सुती कापड या वाटेसाठी सगळ्यात वाईट. भिजलं की पाणी धरून ठेवतं, अंगाला गार लागतं आणि रात्रभरात वाळत नाही. वाटेतल्या रॅनक मूर या उघड्या माळावर इन्व्हरोरन ते किंग्जहाउस १६ किलोमीटर आडोसा नाही. तिथे ओला सुती किल्ट म्हणजे मांड्यांना गार फडकं गुंडाळून चालणं. मोठ्या खिशात फोन टाकला तर तो प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो, ते वेगळंच. लोकर ओली झाली तरी ऊब टिकवते. लोकरीचा तोटा वजनाचा आहे.

@पायवाट, 'लोकरीचा' एवढ्याने कळत नाही. १० औंस, १३ की १६?

पायवाट_ग्लासगो
१३ औंस, आठ वारी. सॅक १३ किलो.

टाकादोरा
म्हणजे कोरडा दीड किलोच्या आसपास, चिंब भिजला की दोनच्या वर. आता हे सांगा: किल्टची खालची कड उभं राहिल्यावर कुठे येते? सॅक न घेता आणि सॅक घेऊन, दोन्ही वेळा बघा. आणि वळ कुठल्या बाजूला आहे?

सह्यभटक्या
हा प्रकार आपल्याकडे पावसाळी ट्रेकला चालेल का? आंबोलीत जळवा असतात म्हणून विचारतोय.

नेचेबन
@सह्यभटक्या, उघड्या पायावर जळू लगेच दिसते, पण चढायलाही तिला अडथळा नसतो. करवीच्या रानात निऱ्या अडकतील. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

कातळकडा
कड गुडघ्याला लागत असेल तर सरळ दोन इंच दुमडून टीप मारून घ्या. कोणताही अल्टरेशनवाला तासाभरात करून देईल.

टाकादोरा
कृपया असं करू नका! आठ वारी किल्टची खालची कड दुमडलेली नसतेच, तो कापडाच्या विणीचाच काठ असतो, म्हणून तो पातळ राहतो आणि निऱ्या मोकळ्या हलतात. दुमडलात तर प्रत्येक निरीत कापड दुप्पट होतं, मागे जाड, ताठ कड तयार होते आणि ती आत्तापेक्षा जास्त घासते. लांबी कमी करायची तर वरून, कमरपट्टी उसवून करतात. ते आठ दिवसांत होणारं काम नाही.

ओल्या कडेचा त्रास जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांत चिखल लागून कडा थंडीने गोठायच्या आणि सैनिकांच्या पायांना मागून कापायच्या.

पायवाट_ग्लासगो
सॅक नसताना कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. सॅक घातल्यावर जवळजवळ ३ सेंटीमीटर खाली जाते, हे आत्ता मोजल्यावर कळलं. वळ उजवीकडे, कमरेच्या हाडावर. मणक्यावरही थोडं लाल आहे.

टाकादोरा
सापडलं. वाटीच्या मध्यावर हे समारंभाचं माप. चालताना कड वाटीच्या वर दोन ते चार सेंटीमीटर हवी. तुमच्याकडे उलट झालंय: सॅकचा कमरपट्टा प्रत्येक पावलाला किल्ट खाली ओढतो, कड बरोबर गुडघ्यामागच्या लवणीत येते, आणि ओली झाली की तिथेच घासत राहते. गुडघा वाकला की लवणीत घडी पडते, म्हणून उतारावर जास्त लागलं.

वळ उजवीकडेच का, तर बाहेरून उजव्या बाजूला दोन बक्कलं असतात, डावीकडे एकच. उजवीकडचं खालचं बक्कल सॅकच्या पट्ट्याखाली हाडावर दाबलं जातं. ते फक्त पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी वरचा सपाट राहावा म्हणून असतं. चालताना मोकळं सोडा, पट्टी आत सारा. किल्ट पडत नाही, भार वरच्या दोन बक्कलांवर असतो. मणक्यावर लाल झालंय ते स्पोरनच्या (किल्टवर पुढे लटकवायच्या बटव्याच्या) साखळीमुळे, सॅकची गादी तिच्यावर दाबते. स्पोरन आणि रुंद चामडी पट्टा दोन्ही घरी ठेवा.

आता घालायची पद्धत. किल्ट बेंबीच्या वर नेऊन वरची दोन बक्कलं एकेक भोक घट्ट करा. सॅक खांद्यावर घ्या, पण कमरपट्टा अजून आवळू नका. किल्ट दोन्ही हातांनी मागून आणखी ३ सेंटीमीटर वर ओढा. मग पट्टा निऱ्यांच्या शिवलेल्या भागावर बसवून आवळा. शिवण संपून निऱ्या मोकळ्या होतात तिथे पट्टा आला तर तो निऱ्या चुरगाळतो आणि परत खाली खेचतो. अर्ध्या तासाने थांबून कड तपासा. पहिल्या दिवशी दोन-तीनदा तरी परत वर घ्यावा लागेल.

लोखकाठ
टार्टन (किल्टच्या चौकड्यांचा नमुना) कुठल्या कुळाचं आहे? कुठलंही घातलं तर चालतं का?

टाकादोरा
चालतं. स्कॉटिश टार्टन नोंदवही आहे, पण कुणी काय घालावं याचा कायदा नाही. प्रश्न तो नव्हता.

नेचेबन
साधी चड्डी बदला. १३ किलो घेऊन रोज वीस-बावीस किलोमीटर म्हणजे दुसऱ्या दिवशी मांड्या आतून सोलणार. २० ते २२ सेंटीमीटर लांब पायांची, मेरिनो किंवा ताणाच्या कापडाची हवी, दोन जोड. सकाळी मांड्यांना आणि लवणीत व्हॅसलीन.

दुसरं, गोचीड. लोमंड तळ्याच्या काठाने नेच्यांची झुडपं वाटेवर येतात आणि तुमचे पाय उघडे. लहान गोचीड खसखशीएवढी असते. ती लवणीत, जांघेत, मोज्याच्या वरच्या कडेला बसते. रोज संध्याकाळी आरशात बघा. गोचीड काढायचा हुक ठेवा, कातडीच्या अगदी जवळ धरून फिरवत काढा. तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना लाइमबद्दल (गोचिडीमुळे होणारा आजार) विचारा. त्या सोललेल्या जागांवर आत्ताच मलमपट्टी करा.

कातळकडा
आणि मिजेससाठी (चावणाऱ्या बारीक माश्या) डीट, म्हणजे अंगाला लावायचं कीटकरोधक. ५० टक्क्यांचं.

नेचेबन
डीट प्लास्टिक आणि कृत्रिम धागा खराब करतं. सॅकची बक्कलं आहेत, ताणाची चड्डी आहे. त्याऐवजी २० टक्के इकारिडिन हे कीटकरोधक घ्या. वारा थोडा जोरात असला तर मिजेस उडत नाहीत. तंबू लावताना वारा पडला तर किल्टवरूनच पातळ पँट चढवा. त्या अर्ध्या तासापुरतं माझं आणि कातळकडांचं एकमत होईल.

कातळकडा
ते मान्य. आणि तंबूवरून आठवलं, लोमंडच्या पूर्व काठावर १ मार्च ते ३० सप्टेंबर परवाना लागतो. काढलाय का?

पायवाट_ग्लासगो
परवाना आहे. पावसाचं सांगा. रेन पँट किल्टवर बसत नाही.

टाकादोरा
रेन पँट नको. १२० ग्रॅमच्या आतला जलरोधक रॅप घ्या, लुंगीसारखा गुंडाळायचा, कडेला वेल्क्रो. तो किल्टच्या कडेखाली ५ सेंटीमीटर यायला हवा. आखूड असला तर सगळं पाणी नेमकं कडेवर ओघळतं. जाड गुडघ्यापर्यंतचे मोजे नकोत, पोटरीच्या मध्यापर्यंतचे आणि वर आखूड गेटर (बुटावरून घोट्याभोवती घालायचं आवरण).

मुक्कामावर किल्ट कमरपट्टीला धरून टांगा. त्याआधी निऱ्यांवर खालच्या कडेच्या थोडं वर लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घाला, नाहीतर वाळताना निऱ्या उघडतात. सुई आणि पांढरा दोरा बरोबर ठेवा.

पायवाट_ग्लासगो
आज सगळं करून १२ किलोमीटर चाललो, सॅक पूर्ण भरलेली. कड वाटीच्या वर ३ सेंटीमीटर राहिली, एकदाच वर घ्यावी लागली. लवणीत पट्टी होती, घासलं नाही. एकच नवीन: कुंपणाच्या शिडीवर पाय टाकताना पुढचा भाग अडकतो आणि खाली कापड ताणलंय.

टाकादोरा
किल्टची पिन दोन्ही पदरांतून टोचलीय का?

पायवाट_ग्लासगो
हो. वाऱ्याने उडू नये म्हणून.

टाकादोरा
काढा. पिन फक्त वरच्या पदराला, उजव्या कडेपासून ४ सेंटीमीटर आत आणि खालून ८ ते १० वर. तिचं वजनच पदर खाली धरतं. दोन्ही पदर जोडले की पाऊल उघडायला जागा राहत नाही आणि भोक फाटत जातं. आत्ता ताणलेल्या जागी मागून त्याच रंगाच्या दोऱ्याने दोन-चार बारीक टाके घाला. वाटेवर इन्व्हरस्नेड ते इन्व्हरारनन या टप्प्यात मुळं आणि दगड आहेत, तिथे गुडघा छातीपर्यंत येतो.