समुद्री जीवांबद्दल शिकायचंय, ऑनलाइन भरवशाचं काय आहे?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, सेमी-इंग्लिशला, आणि सध्या घरात उठता-बसता फक्त ऑक्टोपस चालू आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं, हे सगळं मला पोळ्या लाटताना ऐकवून झालंय. मला कौतुकच आहे, पण ती हे सगळं यूट्यूबवरून उचलते आणि तिथे आता खरं काय खोटं काय कळेनासं झालंय. परवा एक व्हिडिओ दाखवला, त्यात अख्ख्या ट्रकएवढा ऑक्टोपस बोटीच्या कठड्यावर चढतोय आणि खाली लोकांनी 'निसर्गाची किमया' म्हणून हात जोडलेत. एआयने बनवलेलं आहे हे मलाही कळत होतं, पण तिला पटवायचं तर समोर दाखवायला खरं असं काही नव्हतं ना माझ्याकडे. तर जाणकारांनी सांगा, फुकट किंवा स्वस्तात, भरवशाचं ऑनलाइन काय आहे? मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. इंग्रजी वाचते ती पण लांबलचक परिच्छेद आले की कंटाळते. आम्ही दोघंही कॉमर्सवाले, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही.

ओहोटीवाला
ताई, सगळ्यात आधी एक करा, जगातले समुद्र बाजूला ठेवा आणि मुंबईच्या किनाऱ्यापासून सुरुवात करा. मुलांना वाटतं समुद्री जीव म्हणजे ऑस्ट्रेलिया नाहीतर अंदमान, आपल्याकडे नुसता गाळ आणि प्लास्टिक. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' म्हणून एक उपक्रम 2017 मध्ये काही हौशी लोकांनी सुरू केला, त्यांचं इन्स्टाग्राम बघा. हाजी अली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड असल्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी खडकांवर काय काय सापडतं त्याचे फोटो आहेत, समुद्रगोगलगायी, प्रवाळ, समुद्रफुलं, आणि हो, ऑक्टोपससुद्धा. लोकांना घेऊन ते किनाऱ्यावर फेऱ्याही काढतात, तारखा तिथेच टाकतात.

या सगळ्या नोंदी आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर जातात आणि माझ्या मते तुमच्या लेकीसाठी खरा खजिना तोच. आपण फोटो टाकायचा, जागा आणि तारीख टाकायची, ॲप स्वतः अंदाज सुचवतं आणि मग जगभरातले जाणकार येऊन 'हे हे आहे' किंवा 'नाही, ते आहे' असं सांगतात. जातीच्या नावावर ओळखणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं की नोंदीवर 'रिसर्च ग्रेड'चा शिक्का बसतो. ॲपच्या पहिल्या अंदाजावर मात्र विसंबू नका, समुद्री गोष्टींत ते बिनदिक्कत ठोकून देतं, आपल्या किनाऱ्यावरच्या प्राण्याला कॅरिबियनमधल्या भावाचं नाव लावून मोकळं होतं. नकाशावर जाऊन महाराष्ट्राचा किनारा निवडायचा आणि 'ऑक्टोपस' शोधायचं, कोणी कुठे कधी पाहिला सगळं समोर येतं. नुसतं बघायला अकाउंट लागत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, तेव्हा तुमच्या नावाने काढा. नाहीतर त्यांचंच 'सीक' नावाचं ॲप आहे, त्याला अकाउंटच नको आणि फोटो कुठे जाहीर होत नाही, लहान मुलांसाठी बरं.

मराठीतलं म्हणाल तर मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. भाषा थोडी जड आहे, माहितीही काही ठिकाणी जुनी, पण शाळेत कुमार विश्वकोशातला 'जीवसृष्टी आणि पर्यावरण' भाग असेल तर तो नक्की काढायला सांगा, तो मुलांना झेपतो.

सुकटबोंबील
अलिबागवरून लिहितोय. वरचं सगळं बरोबर आहे, पण मी म्हणतो रविवारी लेकीला मासळीबाजारात न्या की! डोंबिवलीत काय कमी बाजार आहे का. आयनॅचरलिस्ट वगैरे नंतर. आधी मावशीकडून पाव किलो माकुल घ्यायचं आणि घरी पोरीच्या हातानेच साफ करायचं. माकुल म्हणजे स्क्विड, ऑक्टोपसचा चुलतभाऊच. डोकं आणि पाय ओढले की आतडी बरोबर बाहेर येतात, मग पाठीच्या आतून एक पारदर्शक लांबट पट्टी सरकन ओढून निघते, ते त्याच्या शंखाचं उरलंसुरलं रूप. पायांच्या मधोमध बोटाने दाबलं की काळी चोच टुपकन वर येते, अगदी पोपटाच्या चोचीसारखी. शाईची पिशवी चांदीसारखी चकाकते, ती फोडायची नाही, फोडलीच तर ओटा काळा होणार आणि आईच्या शिव्या खाव्या लागणार. ऑक्टोपसला ती पट्टी नसते, म्हणून तर तो एवढ्याशा फटीतून निघून जातो. आणि ज्याच्या आत पांढरी, हलकी, खडूसारखी भुसभुशीत फळी निघते तो कटलफिश. तीच फळी किनाऱ्यावर पडलेली सापडते, आयुर्वेदिक दुकानात समुद्रफेस म्हणून विकतात, पोपट पाळणारे पिंजऱ्यात लटकवतात. हे सगळं कुठल्या साइटवर मिळणार सांगा!

मग नावं शोधायची असतील तर फिशबेस. तिथे माशांच्या पस्तीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि वेगवेगळ्या भाषांतली बोलीतली नावंही दिलीत, मराठीसुद्धा. बोंबील, घोळ, बांगडा टाकून बघा. माकुल, चिंबोरी, शेवंड हे मासे नाहीत त्यामुळे ते तिथे नाहीत, त्यांच्यासाठी सीलाइफबेस म्हणून जोडसाइट आहे.

मुलुंडकर
वाचनखूण साठवली. +1 सुकटबोंबील यांना, फक्त आमच्याकडे शाकाहारी घर आहे त्यामुळे ओट्यावर माकुल आलं तर मीच घराबाहेर 😀 शाकाहाऱ्यांसाठी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, मँग्रोव्ह फाउंडेशनचं. डोंबिवलीहून जवळ पडतं, माहितीचे फलक-बिलक आहेत आणि थंडीत खाडीतून फ्लेमिंगो बघायला बोट सोडतात. बोटीचं आधी बुकिंग करा, सुट्टीच्या दिवशी मिळत नाही.

पॅसिफिककाठी
मी कॅलिफोर्नियात बे एरियात असतो, समुद्रकाठचं मॉन्टेरे इथून दोनेक तासांवर. ताईंनी खोट्या व्हिडिओबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, कारण त्याला उपाय एकच, खरे व्हिडिओ भरपूर दाखवायचे म्हणजे डोळा आपोआप तयार होतो. एमबारी, म्हणजे मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट, यांचं यूट्यूब चॅनल लावून द्या. 1987 मध्ये एचपी कंपनीच्या डेव्हिड पॅकार्ड यांनी काढलेली संस्था आहे आणि यांचे यंत्रमानव खोल समुद्रात जाऊन शूटिंग करतात. व्हिडिओ दोन-चार मिनिटांचे असतात, बडबड कमी.

लेक ऑक्टोपसवेडी आहे तर दोन गोष्टी तिला मुद्दाम दाखवा. पहिली, 2007 मध्ये यांना मॉन्टेरेच्या खोल दरीत एक ऑक्टोपस मादी कड्याला चिकटून अंडी सांभाळताना दिसली. पुन्हा गेले तर तीच, त्याच जागी, अंगावरच्या खुणांवरून ओळखली. असं करत 53 महिने ती तिथेच होती! समोर खेकडे, कोळंब्या फिरत होत्या पण तिने काही खाल्लेलं एकदाही दिसलं नाही, दर वेळी ती आधीपेक्षा फिकट आणि खंगलेली. 2011 मध्ये शेवटी गेले तर मादी नाही, फक्त अंड्यांची रिकामी टरफलं. दुसरी म्हणजे 'ऑक्टोपस गार्डन'. 2018 मध्ये सापडलं, सुमारे 3200 मीटर खोल, एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथे हजारो माद्या पोटाखाली अंडी घेऊन उलट्या बसलेल्या असतात. आजूबाजूचं पाणी दीड डिग्रीच्या आसपास म्हणजे फ्रिजपेक्षा गार, पण त्या बसतात त्या भेगांमधून कोमट पाणी झिरपतं, 10-11 डिग्री. त्यामुळे अंडी दोन वर्षांच्या आतच फुटतात, एवढ्या थंडीत एरवी कितीतरी जास्त वर्षं लागली असती. माझी बायको हे बघून म्हणाली बाळंतिणीची खोली शेकतात तसलंच आहे हे.

लाइव्ह बघायचं असेल तर श्मिट ओशन इन्स्टिट्यूट, नॉटिलस लाइव्ह आणि अमेरिकी सरकारच्या नोआ संस्थेचं ओकिआनोस एक्सप्लोरर हे जहाज. जहाज मोहिमेवर असलं की खालचा कॅमेरा थेट यूट्यूबवर. 2025 मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्याजवळची श्मिटची मोहीम तर तिथे लोक मालिका बघावी तशी रात्रंदिवस बघत होते. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, शाळेचा प्रश्न नाही. लाइव्हमध्ये खोली, तापमान असे आकडे स्क्रीनवर पळत असतात, मागून शास्त्रज्ञ आपापसात बोलत असतात, बराच वेळ काहीच घडत नाही, नुसता चिखल आणि वरून पडणारा कचरा. लेकीला सांगा, ज्या व्हिडिओत कुठल्या जहाजाने, कुठे, किती खोलीवर काढलं यातलं काहीच नाही आणि पहिल्या सेकंदाला राक्षस येतो, तो सरळ खाली सरकवायचा. सबटायटल ऑटो-ट्रान्सलेटने मराठीत होतात, दिव्य असतात पण अंदाज येतो.

आणि एमबारीचाच 'फॅदमव्हर्स' म्हणून फुकट गेम आहे मोबाइलवर, खोल समुद्रातले खरे फोटो येतात आणि आपण ओळखून गट लावायचे, त्यातून त्यांचा एआय शिकतो. तशीही मुलं मोबाइल सोडत नाहीत.

मत्स्यगंधा_रत्नागिरी
कॅलिफोर्निया झालं, आता जरा कोकणात या 🙂 भारतातलं, भरवशाचं आणि फुकट म्हटलं तर सीएमएफआरआय. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, 1947 पासूनची, मुख्यालय कोचीला. त्यांचं ईप्रिंट्स नावाचं भांडार आहे, तिथे जुने-नवे पेपर पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. सगळे काही सातवीच्या मुलीला झेपणारे नाहीत, पण 'अमुक बंदरावर अमुक मासा सापडला' अशा एक-दोन पानी फोटोसकट टिपणं असतात ती बघायला मजा येते. एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या पेपरातली शास्त्रीय नावं बदललेली असतात. आपलं माकुल तिथे 'लोलिगो डुवॉसेली' म्हणून सापडेल, आता ते 'युरोट्युथिस'मध्ये गेलंय. शंका आली की वर्म्स या साइटवर जुनं नाव टाकायचं, जगभरातल्या समुद्री जातींची ती अधिकृत नोंदवही आहे, सध्याचं मान्य नाव लगेच दाखवते. चित्रंबित्रं फार नाहीत, रुक्ष आहे, पण गुगलपेक्षा शंभर पटीने खात्रीचं.

कासवांची आवड असेल तर 'सी टर्टल्स ऑफ इंडिया' ही साइट छान आहे. आणि बागेश्रीची गोष्ट सांगा तिला. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, नाव ठेवलं बागेश्री. बाई निघाल्या त्या दक्षिणेला, कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंका आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात! बातम्यांत नकाशे आले होते, शोधा म्हणजे मिळतील. डॉल्फिन-देवमाशांसाठी मरीन मॅमल्स डॉट इन, कुठे दिसले कुठे वाहून आले याच्या नोंदी आहेत.

डोंबिवलीकरीण
बाप रे, एवढं सगळं! खूप खूप आभार. 53 महिन्यांची गोष्ट सांगितली तर लेक आधी गप्प झाली आणि मग म्हणाली "म्हणजे ती पिल्लांना बघायच्या आधीच गेली?" यावर काय बोलणार. माकुल आणणार आहे, नवरा साफ करायला तयार झालाय. ओहोटीवाला दादा, किनाऱ्यावर आमचं आम्ही जायचं असेल तर कधी जायचं? आणि यांचा एक प्रश्न, पुढे करिअर आहे का यात?

ओहोटीवाला
पहिलं प्राधान्य फेरीबरोबर जाण्याला, कारण दाखवणारा नसेल तर खडकावर दोन तास फिरून काही दिसत नाही, सगळे रंग बदलून बसलेले असतात. एकटे जायचं तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा उधाण असतं म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी नीट हटतच नाही, फुकट फेरा. वेळेचा जुना हिशोब, तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, मग साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास म्हणजे ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. हा झाला ढोबळ अंदाज, जायच्या आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच आणि पाणी एक मीटरच्या खाली जाणार असेल तरच निघा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की परत, खडकाच्या पुढच्या टोकाला असताना मागून पाणी भरलेलं कळत नाही.

चपला नकोत, घट्ट पकडीचे बूट. दगड उचलला तर होता तसा परत ठेवायचा. शंखात जिवंत प्राणी असेल तर हात लावू नका, कोनाच्या आकाराच्या शंखाला तर अजिबातच नाही, डंख विषारी असतो. उथळ वाळूत पाय घसटत चालायचं म्हणजे पाकट मासा असेल तर बाजूला होतो. पावसाळ्यात जुहूला निळे फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात, मेलेले दिसले तरी डंख मारतात. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी काही आणायचं नाही, फोटो पुरे.

करिअरचं विचारलंत म्हणून, सातवीत आहे हो ती! पण आहे की. वर्सोव्याला सीआयएफई म्हणजे केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, गोव्यात दोना पावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. दहावीनंतर सायन्स आणि त्यात बायोलॉजी सोडायचं नाही, एवढं सध्या यांना सांगा.

सुकटबोंबील
माकुल छोटं घ्या, वीतभराचं, मोठं शिजवताना रबर होतं. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बर्फातलं येतं, ते कापून बघायला मजा नाही.