व्हिसलर बाइक पार्क: तिसऱ्या फेरीत हातही गेले आणि ब्रेकही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कॅनडात, व्हँकुव्हरजवळ सरेमध्ये राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन व्हिसलरला गेलो होतो. या जुलैत पुन्हा जायचंय, त्याआधी जाणकारांशी बोलावंसं वाटतंय.

माहीत नसलेल्यांसाठी: हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट उन्हाळ्यात सायकलवाल्यांना नेते. सायकलही सोबत वर जाते, मग डोंगरात मुद्दाम बांधलेल्या वाटांनी खाली यायचं. व्हिसलरला हे १९९९ पासून चालू आहे. वाटांच्या खुणाही स्कीच्याच: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड (पत्त्यातल्या चौकटसारखा) अवघड.

पुण्यात असताना दर रविवारी वेताळ टेकडी, कधीमधी सिंहगड. तिथे चढणीतच घाम निघायचा, उतार पाच-दहा मिनिटांचा. त्यामुळे चढण नाही म्हणजे दिवसभर मजा, असं धरून चाललो होतो. सायकल माझीच, पुढे १२० मिमी सस्पेन्शन, मागे काही नाही. लेकीला मात्र तिथलीच खास उतारासाठीची डाउनहिल बाइक, हनुवटीही झाकणारं फुल फेस हेल्मेट आणि पॅड भाड्याने घेऊन दिले.

'ईझी डझ इट' या हिरव्या वाटेने दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला निळ्या 'बी-लाइन'वर गेलो. निम्म्या वाटेत जळका वास यायला लागला, मग ब्रेक लिव्हर दाबला की थेट हँडलला टेकायला लागला. उतरून सायकल हातात धरून खाली आलो. बोटं इतकी आखडली होती की हेल्मेटचा पट्टा लेकीने सोडून दिला. करंगळी आणि शेजारचं बोट दोन दिवस बधिर होतं.

तिला काहीही झालं नव्हतं. ती आणखी चार फेऱ्या मारून आली आणि मी खाली बाकावर बसून प्रत्येक वेळी तिची वाट बघत होतो. पुढच्या वेळी मला तिच्या मागे राहायचंय, एवढंच.

ब्रेक बदलू की सायकलच भाड्याने घेऊ? हातांसाठी आतापासून काय करू? आणि तिला 'क्रँक इट अप'वर जायचंय, सोडू का?

प्रतिसाद १

दादा, सायकल भाड्यानेच घ्या. डाउनहिल बाइकला दोन्हीकडे २०० मिमीच्या आसपास सस्पेन्शन असतं. तुमच्या सायकलवर मागचा प्रत्येक दणका तुमच्याच अंगावर येतो.

पण खरं दुखणं ब्रेक धरायच्या सवयीत आहे. वरपासून खालपर्यंत हलका ब्रेक धरून ठेवला की रोटरला, म्हणजे ब्रेक जिला पकडतो त्या चाकावरच्या चकतीला, थंड व्हायला वेळच मिळत नाही, आतलं ऑइल उकळतं आणि लिव्हर पोकळ होतो. वळणाआधी सरळ पट्ट्यात जोरात दाबा आणि बर्ममध्ये, म्हणजे वळणावरच्या तिरप्या मातीच्या बांधात, शिरताना सोडून द्या. बर्मची भिंतच तुम्हाला वळवते. सोडलेल्या त्या दोन सेकंदांत रोटरलाही आणि बोटांनाही विश्रांती मिळते. लिव्हर एकाच बोटाने दाबायचा, बाकीची तीन ग्रिपवर. लिव्हर हँडलच्या जवळ आणून घ्या, बोट ताणावं लागता कामा नये. टाचा खाली, वजन पायांवर.

करंगळीची बधिरता तळहातातली नस दबल्याने येते. पुन्हा आली तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

प्रतिसाद २

लेकीबद्दल सांगते, माझा मुलगाही त्याच वयाचा. 'क्रँक इट अप' निळी आहे, पण उड्यांची वाट आहे. उंचवटे टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट, असल्यामुळे उडी कमी पडली तरी वरच्या सपाटीवर उतरता येतं, मधे खड्डा नसतो. पहिली फेरी एकही उडी न मारता, सगळं बघत. दमली की थांबू दे, पण वाटेच्या कडेला आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. उडीच्या पलीकडे कधीच नाही. 'ए-लाइन' काळी आहे, तिचं नाव यंदा काढू नका. आणि दिवसातली 'शेवटची एक फेरी' मारूच नका. आमच्याकडे मनगट तिथेच मोडलं.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन बघितलं, रोटर १६० मिमीचे आहेत आणि पुढचा तापून निळसर पडलाय. भाड्याचीच सायकल घेतो. तोवर घराजवळच्या उतारावर एका बोटाने ब्रेक मारायची सवय करतो. 'क्रँक इट अप'ची पहिली फेरी बिनउड्यांची, हे लेकीला सांगितलं. कबूल आहे म्हणाली, पण दुसरीचं विचारतेय.